घरातला उजेड आणि पहिला डीएसएलआर

झाशीहून कानपूरच्या रस्त्याला लागलं की साधारण ३० किलोमीटरवर चिरगाव येतं. हिंदी वाचकांना हे गाव मैथिलीशरण गुप्तांचं म्हणून ठाऊक असतं. ३ ऑगस्ट १८८६ रोजी ते इथेच जन्मले. आपल्याकडच्या लोकांना हा मुलूख माहीत असतो तो झाशीमुळे. १७४२ मध्ये नारो शंकर सुभेदार म्हणून इकडे आले, पुढे नेवाळकर आले, गुरसरायला खेर होते. त्यांच्या मागोमाग आलेली मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या राहून इथलीच होऊन गेली. बाजारात बुंदेली, घरात मराठी, आणि भाद्रपदात झाशीच्या गणेश मंदिरात गर्दी. लक्ष्मीबाईंचं लग्न ज्या देवळात लागलं असं झाशीकर सांगतात, तेच हे देऊळ.

माझी एक मामेबहीण चिरगावात दिलेली आहे. दोन लहान मुलं, सासूसासरे, जुनं चौकाचं घर. यंदा गणपतीच्या आधी घरासाठी एक नीट कॅमेरा घ्यायचा, असं त्यांच्याकडे ठरलं आणि तिचा फोन आला. "दादा, मोबाइलवर पोरांचे फोटो सगळे हललेले येतात रे. आरतीत तर कुणाचा चेहरा धड दिसत नाही. आम्हाला झेपेल असा एखादा डीएसएलआर सांग ना."

असं कुणी विचारलं की लोक लगेच मॉडेलचं नाव सांगून मोकळे होतात. मला तो क्रम उलटा वाटतो. कॅमेरा कुठला घ्यावा हे घरात उजेड किती आहे, फोटो कुणाचे काढायचे आहेत आणि काढणार कोण, यावरून ठरतं. या तीन गोष्टी कळल्या की मॉडेलचा प्रश्न अर्ध्या तासाचा उरतो.

तिच्या घराचंच घ्या. बुंदेलखंडातली जुनी घरं उन्हाळा डोळ्यासमोर ठेवून बांधलेली आहेत. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो, लू वाहते. म्हणून भिंती जाड, खिडक्या लहान आणि उजेड यायचा तो मधल्या चौकातून. दुपारी चौकात डोळे दिपतात आणि दोन पावलं आत टाकली की खोलीत नीट दिसायलाही क्षणभर लागतो. हा फरक आकड्यांत पाहिला तर थक्क व्हायला होतं. थेट उन्हात सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो. दिवा लावलेल्या साध्या खोलीत १०० लक्स असला तरी बरा म्हणायचा. म्हणजे हजारपट फरक! आपला डोळा तो सहज सांभाळून घेतो, त्यामुळे खोलीत इतका अंधार आहे हे आपल्याला जाणवतच नाही. कॅमेऱ्याला मात्र तो पूर्ण जाणवतो, आणि घरातले आपल्या जिव्हाळ्याचे जवळजवळ सगळे प्रसंग याच १०० लक्समध्ये घडतात: बारसं, आरती, वाढदिवस, रात्री आजीच्या मांडीवर लोळणारा नातू.

फोटोतला उजेड तीन गोष्टींवर अवलंबून असतो. लेन्सचं भोक किती उघडं आहे, म्हणजे ॲपर्चर. शटर किती वेळ उघडं राहतं. आणि सेन्सरकडून आलेला संकेत किती वाढवून घ्यायचा, म्हणजे आयएसओ. ॲपर्चरचा आकडा उलटा चालतो: एफ/१.८ म्हणजे मोठं भोक, एफ/५.६ म्हणजे लहान. आता १०० लक्सची खोली घ्या आणि आयएसओ ३२०० ठेवा. कॅमेऱ्याबरोबर पेटीत जी १८-५५ लेन्स मिळते ती ५५ मिमीवर जास्तीत जास्त एफ/५.६ इतकीच उघडते. त्यावर शटर येतं साधारण १/४० सेकंद. त्याच खोलीत, त्याच आयएसओवर एफ/१.८ ची लेन्स लावली की शटर येतं सुमारे १/४०० सेकंद. गप्पा मारत बसलेल्या माणसाला १/१२५ पुरतं. खेळणाऱ्या मुलाला निदान १/२५० लागतं, धावणाऱ्याला १/५००. म्हणजे पेटीतल्या लेन्सवर मूल हललेलंच येणार, आणि एफ/१.८ वर ते डोळ्यांच्या पापण्यांसकट स्पष्ट येणार. कॅमेरा तोच, फोटो काढणारा तोच, बदलली फक्त लेन्स.

मला या लेखात मुख्यतः हेच सांगायचं आहे. घरगुती वापरासाठी पैसे कमी असतील तर ते कॅमेऱ्याच्या बॉडीवर वाचवावेत आणि एका उजेडाच्या लेन्सवर घालावेत. दुकानात बरोबर याच्या उलट घडतं. गिऱ्हाइकाला आणखी महागडी बॉडी दाखवतात, सोबत दोन लेन्सचं किट गळ्यात मारतात, बॅग आणि ट्रायपॉड फुकट देतात, आणि ज्या एका लेन्समुळे घरातले फोटो सुधारतील ती राहूनच जाते.

मोबाइलला मी नावं ठेवणार नाही. दिवसाउजेडी, स्थिर माणसांचे, आणि काढल्या काढल्या पाठवायचे फोटो मोबाइल फार छान काढतो. रात्रीचा देवळाचा फोटो तर नवख्याच्या डीएसएलआरपेक्षा मोबाइलवरच चांगला येतो. त्याचं कारण असं की मोबाइल एकामागोमाग अनेक फ्रेम टिपतो आणि त्या एकमेकींवर बसवून एक स्वच्छ चित्र तयार करतो. देऊळ हलत नाही, म्हणून ते जमतं. मूल हलतं. पहिल्या फ्रेममध्ये हात खाली, चौथीत वर. मग मोबाइल त्यातून जे काही जुळवेल ते, बहुतेक वेळा तेलकट, पुसट. डीएसएलआर एकाच क्षणात एकच फ्रेम घेतो, आणि त्याचा सेन्सर बराच मोठा असतो. सुरुवातीच्या, म्हणजे नवख्यांसाठीच्या, डीएसएलआरमध्ये एपीएस-सी आकाराचा सेन्सर असतो, निकॉनमध्ये साधारण २३.५ बाय १५.६ मिमी. बहुतेक चांगल्या मोबाइलचा मुख्य सेन्सरही क्षेत्रफळात याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकाच भरतो. पावसात मोठी परात ठेवली तर जास्त पाणी जमतं, तसं मोठ्या सेन्सरवर जास्त प्रकाश जमतो आणि चित्रातले दाणे कमी होतात.

डीएसएलआरचा आणखी एक फायदा चिरगावसारख्या ठिकाणी लगेच कळतो. एप्रिल-मेच्या उन्हात मोबाइलच्या पडद्यावर काही म्हणजे काही दिसत नाही. अंदाजाने हात पुढे धरून फोटो काढावा लागतो. डीएसएलआरला डोळा लावला की समोरचं दृश्य लेन्समधूनच येऊन आरशावरून वर जातं आणि थेट डोळ्यांत पोचतं. बटण दाबलं की आरसा उचलला जातो, शटर उघडतं, आणि तो ओळखीचा "खटक" आवाज येतो. फोकस ठरवणारा वेगळा सेन्सर त्या आरशाखाली असतो, म्हणून साध्यातला साधा डीएसएलआरही बाहेरच्या उजेडात चटकन फोकस धरतो. पडदा सतत चालू ठेवावा लागत नाही, त्यामुळे बॅटरीही पुष्कळ टिकते. निकॉन डी३५०० एका चार्जिंगवर सुमारे १,५५० फोटो काढतो असं कंपनीचं मानांकन आहे. लग्नाचे दोन दिवस चार्जर शोधायला लागत नाही.

आता लेन्स. मामेबहिणीच्या खोल्या लहान, १० बाय १२ च्या आसपास. अशा ठिकाणी ३५ मिमी एफ/१.८ सारखी लेन्स उपयोगी. एपीएस-सी सेन्सरवर ३५ मिमीला जे दिसतं ते साधारण आपली नजर सहज जेवढं टिपते तेवढं. निकॉनची डीएक्स ३५ मिमी एफ/१.८ जी ही लेन्स २००९ मध्ये आली आणि घरासाठी तिच्याइतकी कामाची दुसरी निकॉन लेन्स मी पाहिलेली नाही. कॅननमध्ये सगळे ५० मिमी एफ/१.८ एसटीएम सांगतात. ती २०१५ ची, स्वस्त आणि खरोखर उत्तम आहे. पण कॅननच्या एपीएस-सी बॉडीवर ती ८० मिमीसारखी वागते. एका माणसाचा चेहरा घ्यायला सुंदर. मात्र लहान खोलीत चौघांना एकत्र घ्यायचं म्हटलं की पाठ भिंतीला टेकते. मोठा चौक किंवा गच्ची असेल तर ५० घ्यावी. खोल्या लहान असतील तर कॅननची २४ मिमी एफ/२.८ एसटीएम ही चपटी लेन्स जास्त चालेल, तिचं भोक थोडं लहान असलं तरी.

एफ/१.८ ची एक बाजू आधीच सांगून ठेवलेली बरी. भोक जितकं मोठं तितका स्पष्टतेचा पट्टा अरुंद. एकट्या मुलाच्या फोटोत मागचं सगळं मऊ होतं, ते छान दिसतं. पण गौरीपुढे घरातली बारा माणसं दोन रांगांत उभी केली आणि एफ/१.८ वर फोटो काढला, तर पुढची रांग स्पष्ट आणि मागच्या काका-काकू पुसट येतील. अशा वेळी एफ/५.६ वर यायचं, लोकांना स्थिर उभं राहायला सांगायचं आणि १/६० च्या आसपास काढायचं. मोठी माणसं तेवढा वेळ स्थिर राहतात.

आरतीचं वेगळं. तबकातल्या निरांजनाचा उजेड खालून चेहऱ्यावर येतो, मागे अंधार. कॅमेऱ्यावरचा उघडणारा फ्लॅश इथे हमखास आपण होऊन उडतो आणि सगळं घालवतो. ज्योत फिकी पडते, कपाळ चकाकतं, मागच्या भिंतीवर काळी सावली पडते. म्हणून ऑटो मोड सोडायचा. निकॉनवर ए, कॅननवर एव्ही हा मोड लावायचा, ॲपर्चर एफ/२ किंवा एफ/१.८, आयएसओ ३२००, फ्लॅश बंद. कॅमेरा अंधार पाहून चित्र उगाच उजळ करायला जातो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनने एक पायरी उणे केलं की ज्योत ज्योतीसारखी राहते. फोकसचा मधला एकच ठिपका निवडून तो आरती ओवाळणाऱ्याच्या डोळ्यावर ठेवायचा, कारण मोकळं सोडलं तर कॅमेरा तबक धरून बसतो. रंग थोडे पिवळे येतील. येऊ द्यावेत, निरांजनाचा उजेड पिवळाच असतो.

मुलांचं स्नेहसंमेलन हा घरगुती कॅमेऱ्याचा दुसरा मोठा प्रसंग. आई-बाप दहाव्या रांगेत, मुलगी रंगमंचावर मोराच्या पिसाऱ्यात. इथे ३५ मिमीने काही होत नाही, लांबची लेन्स हवी. कॅननची ५५-२५० एसटीएम किंवा निकॉनची ५५-२००, दोन्ही जुन्या बाजारात माफक किमतीला मिळतात. या लेन्स एफ/५.६ च्याच, पण रंगमंचावर घरापेक्षा खूप जास्त उजेड असतो, म्हणून चालतात. फक्त मागचा काळा पडदा पाहून कॅमेरा फसतो आणि चेहरे पांढरेफटक करतो. इथेही उणेकडे यायचं. ही लेन्स पहिल्या दिवशीच घेतली पाहिजे असं नाही. संमेलन जानेवारीत असतं, तोवर पैसे साठतात.

मेगापिक्सेलच्या आकड्यावर लोक सर्वांत जास्त वाद घालतात आणि घरच्या वापरात त्याचं महत्त्व सर्वांत कमी. आल्बममधल्या ६ बाय ४ इंची प्रिंटला इंचाला ३०० ठिपक्यांच्या हिशेबाने १,८०० गुणिले १,२०० ठिपके लागतात, म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल. ए-४ आकाराला पावणेनऊ. २००६ च्या निकॉन डी४० मध्ये ६ मेगापिक्सेल होते आणि त्यावरून १२ बाय ८ इंची प्रिंट आजही भिंतीवर लावण्यासारखी निघते. तेव्हा १८ की २४ या प्रश्नावर वेळ घालवू नये.

प्रिंट काढायचीच, हे मात्र माझं आग्रहाचं सांगणं. आमच्या आधीच्या पिढीकडे ॲग्फा क्लिक थ्री असायचा. १२० चा रोल, त्यावर १२ फोटो, आणि तो रोल दिवाळीला घातला की संपायला होळी उजाडायची. पण त्या बारांतले नऊ-दहा आज आल्बममध्ये आहेत, मागे तारीख आणि नावं लिहिलेली. झाशीच्या राणीचा म्हणून एक फोटो अधूनमधून फिरत असतो. तो कुणी, कधी, कुठे काढला याची खात्रीची नोंद नाही, त्यामुळे तो राणीचा आहे हे आजवर सिद्ध झालेलं नाही. विष्णुभट गोडशांनी १८५७-५८ च्या धामधुमीत झाशीत जे पाहिलं ते लिहून ठेवलं, म्हणून राणीची थोडीफार चालचर्या आपल्याला शब्दांत तरी कळते. फोटोला नाव-तारीख नसेल तर शंभर-दीडशे वर्षांनी काय, तीसच वर्षांनी घरातल्या घरात "ही कोण गं?" सुरू होतं. डिजिटल कॅमेरा तारीख प्रत्येक फाइलमध्ये स्वतः लिहितो, पण कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर असेल तरच. जुना कॅमेरा घेतला की सर्वांत आधी तारीख पाहावी. ती हमखास चुकलेली असते.

एवढं झाल्यावर मॉडेल. डिजिटल एसएलआरचा इतिहास १९९१ मध्ये कोडॅकने निकॉन एफ३ च्या बॉडीत १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर बसवला तिथून सुरू होतो, पण ते वृत्तछायाचित्रकारांसाठी होतं. सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात तो आला २००३ च्या कॅनन ईओएस ३००डी पासून. १,००० डॉलरच्या आत किंमत ठेवलेला तो पहिला. पुढची पंधराएक वर्षं हा बाजार जोरात होता. आता कॅनन आणि निकॉन दोघांनीही सगळं लक्ष आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळवलं आहे. निकॉन डी३५००, डी५६०० यांचं उत्पादन थांबलं. नवे सुरुवातीचे डीएसएलआर निघायचे बंद झाले आहेत.

मग आज डीएसएलआर घ्यावा का? हातात पुरेसे पैसे असतील आणि पुढे दहा वर्षं लेन्स जमवत जायचं असेल, तर कॅनन आर५० सारखा मिररलेस पाहावा. डोळ्यावर फोकस धरण्यात आणि व्हिडिओत तो खूप पुढे आहे. पण मामेबहिणीसारख्या घराला, जिथे एकूण रक्कम ठरलेली आहे आणि तेवढ्यात बॉडी, ३५ मिमी लेन्स, कार्ड, बॅग सगळं बसवायचं आहे, तिथे चांगल्या अवस्थेतला जुना डीएसएलआर आज फार किफायतशीर पडतो. हौसेने घेतलेले आणि दोन वर्षांत कपाटात गेलेले कॅमेरे पुष्कळ आहेत. त्यांचे मालक मोबाइलकडे वळले म्हणून ते विकायला निघाले. कॅमेऱ्यांत काही बिघडलेलं नसतं.

निकॉनमध्ये डी३५००, डी५३००, डी५६०० यांपैकी जो नीट अवस्थेत मिळेल तो घ्यावा. डी३५०० चं वजन बॅटरीसकट ४१५ ग्रॅम; हाताला हलका, पण पडदा स्थिर आणि स्पर्शाने न चालणारा. डी५६०० चा पडदा बाहेर वळतो, फोकसचे ठिपके ३९, डी३५०० मध्ये ११. निकॉन घेताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: डी३००० आणि डी५००० या मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुनी ५० मिमी एफ/१.८ डी ही लेन्स स्वस्त दिसते म्हणून घेतली तर तिच्यावर आपोआप फोकस होणार नाही, हाताने रिंग फिरवावी लागेल. आणि धावत्या मुलाच्या मागे ते जमत नाही. लेन्सवर एएफ-एस लिहिलेलं असावं. उलट बाजूने, एएफ-पी लिहिलेल्या नव्या लेन्स डी३१०० सारख्या जुन्या बॉडीवर चालत नाहीत. लेन्स आणि बॉडी वेगवेगळ्या ठिकाणांहून घेणार असाल तर दोन्ही एकत्र लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

कॅननमध्ये हा गोंधळ नाही. ईएफ आणि ईएफ-एस लिहिलेली कुठलीही लेन्स त्यांच्या सुरुवातीच्या डीएसएलआरवर फोकस धरते. आरएफ लिहिलेली मात्र बसतच नाही, ती मिररलेससाठी आहे. बॉडीत ३०००डी टाळावा असं मी सांगेन. लेन्स बसते ते कडं त्यात प्लॅस्टिकचं आहे, आणि चष्म्याच्या नंबराप्रमाणे नजर जुळवायची चकतीही नाही. आजोबांनी डोळा लावला तर त्यांना सगळं पुसट दिसेल. १५००डी बरा. पण घरात ज्यांना मोबाइलसारखं पडद्यात बघूनच फोटो काढायची सवय आहे त्यांच्यासाठी २००डी मार्क टू खूपच सरस, कारण पडद्यावर पाहतानाही तो झटकन फोकस धरतो आणि पडदा बाहेर वळतो. १५००डी किंवा डी३५०० पडद्यावर पाहताना रेंगाळतात. २००डी मार्क टूचं एक उणं म्हणजे वरच्या फ्लॅशच्या जागेत मधला संपर्कबिंदू काढून टाकलेला आहे, त्यामुळे स्वस्तातले साधे फ्लॅश त्यावर उडत नाहीत.

इथे तिसरा प्रश्न येतो: काढणार कोण? बहुतेक घरांत कॅमेरा नवऱ्याच्या पसंतीने येतो, आणि मुलांबरोबर दिवसभर असते आई. मग आल्बममध्ये आई कमी दिसते आणि कॅमेराही तिच्या हाताला मोठा पडतो. मी तिला सांगितलं, "दुकानात तू जा, तू हातात धरून बघ, एका हाताने. कडेवर मूल असताना उचलता आला पाहिजे." करंगळी खाली लोंबकळत नाही ना, अंगठा मागच्या चाकावर सहज पोचतो ना, हे पाच मिनिटांत कळतं.

खरेदी कुठे करायची? झाशीला पाहावं, तिथे मिळालं नाही तर झाशी दिल्ली-मुंबई लोहमार्गावर असल्याने दोन्हीकडचे बाजार मोकळे आहेत. दिल्लीत चांदणी चौकातलं कूचा चौधरी, मुंबईत फोर्टमधली बोरा बाजार गल्ली. जुना कॅमेरा पाहताना घाई करू नये, आणि दिवसाउजेडी पाहावा. लेन्स काढून खिडकीकडे धरायची, ॲपर्चर उघडं ठेवून आरपार पाहायचं. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी; कोकणातल्या, मुंबईतल्या दमट हवेत ठेवलेल्या लेन्सना हे फार होतं. अशी लेन्स फुकट मिळाली तरी नको. मग लेन्स लावून एफ/१६ वर स्वच्छ आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढायचा आणि तो पडद्यावर मोठा करून कोपऱ्यांपासून पाहायचा. राखाडी ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ, ती साफ होते. रेघ म्हणजे ओरखडा, तो जात नाही. शटर किती वेळा उडालं आहे तेही पाहावं. निकॉनच्या फाइलमध्ये तो आकडा लिहिलेला असतो, कुठल्याही साध्या माहिती वाचणाऱ्या ॲपमध्ये दिसतो. डी३५०० आणि डी५६०० यांच्या शटरची चाचणी १,००,००० उघडझापींसाठी झालेली असते. १५-२० हजार झाले असतील तर कॅमेरा अजून तरुण आहे. बॅटरी फुगलेली नाही ना, कार्डाच्या खाचेतल्या पिना सरळ आहेत ना, फ्लॅश उघडतो ना, सगळी बटणं दाबून पाहावीत. बॉडीवरचा क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. नवा घेत असाल तर भारतातली वॉरंटी आहे की बाहेरून आणलेला माल आहे, हे बिलाआधीच विचारावं.

चिरगावला बुरशीचं भय कमी, धुळीचं जास्त. जवळच बेतवेवर परीछाचं औष्णिक वीज केंद्र, झाशीच्या आजूबाजूला ग्रॅनाइटच्या खाणी आणि गिट्टीचे क्रशर. ही धूळ गारगोटीची, कठीण असते. लेन्सवर बसलेली असताना पदराने किंवा शर्टाने पुसली तर काचेवर ओरखडे उठतात. आधी रबरी फुग्याने उडवायची, मग मऊ ब्रश, आणि अगदी शेवटी गरज असेल तर कापड. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकीचे कण बसतात. लेन्स बदलायची ती खोलीत, पंखा बंद करून, कॅमेरा बंद करून आणि त्याचं तोंड जमिनीकडे ठेवून. लू वाहत असताना चौकात कधीच नाही. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नये. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि त्या महिन्या-दोन महिन्यांनी बदलाव्यात.

कॅमेरा घरी आल्यावर पहिले काही आठवडे फार शिकायला जाऊ नये. निकॉन असेल तर आयएसओ आपोआप ठेवून किमान शटर १/१२५ लावावं. मग अंधार झाला की कॅमेरा शटर हळू न करता आयएसओ वाढवतो. मुलं पळत असतील तर १/२५०. कॅननच्या सुरुवातीच्या मॉडेलांत ही सोय नाही, तिथे टीव्ही (Tv) हा शटर आपण ठरवायचा मोड लावून ते १/२५० धरून ठेवायचं. फाइल जेपीइजीबरोबर रॉ स्वरूपातही साठवावी. चौक आणि खोली एकाच फोटोत आली की अंधारातला तपशील नंतर रॉमधून वर काढता येतो. आणि दर रविवारी कार्ड रिकामं करून फोटो दोन वेगळ्या डिस्कवर घालावेत, त्यांतली एक दुसऱ्या घरी, झाशीला नणंदेकडे वगैरे.

संमेलनाची लांबची लेन्स सोडली तर वर्षभर आणखी काही विकत घेऊ नये, फ्लॅशसुद्धा नाही. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो किती मिमीवर, कुठल्या ॲपर्चरवर, कुठल्या आयएसओवर काढला ते नोंदलेलं असतं. वर्षाचे आवडते दोनशे फोटो वेगळे काढून त्यांतला मिमीचा आकडा पाहिला की आपलं घर कुठल्या लेन्सचं आहे ते समोर येतं. बहुतेक १८ मिमीच्या आसपास असतील तर खोल्यांसाठी आणखी रुंद लेन्स हवी. सगळे ५५ च्या टोकाला असतील तर लांबची. पुढचे पैसे तिथे घालावेत.